क्विंटलमागे एक किलो

कंट्रोलचा तांदूळ सुपात घेऊन निवडायला बसलं की काही दाणे वेगळे दिसतात. किंचित पिवळसर, चमक नसलेले, सगळे एका मापाचे. पाण्यात टाकले तर त्यातले काही वर तरंगतात. भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हे दाणे वेचून कोंबड्यांपुढे टाकतात. ‘प्लास्टिकचा तांदूर हाये जी हा,’ असं रेशन दुकानासमोरच्या रांगेत लोकांनी मला तोंडावर सांगितलं आहे. ते दाणे तांदळात मिसळायचं काम माझंच. मोहाडी तालुक्यातल्या एका राईस मिलचा कारभार मी बघतो. आधारभूत केंद्रांवर खरेदी झालेला धान आमच्याकडे भरडाईला येतो. क्विंटलभर धानाचा ६७ किलो तांदूळ करून द्यायचा, उसना असेल तर ६८. आणि त्या तांदळात क्विंटलमागे एक किलो या हिशेबाने हे ‘प्लास्टिकचे’ दाणे घालायचे.

मी वाद घालत बसत नाही. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाची छोटी बाटली जवळ ठेवतो. एका बशीत तो पिवळसर दाणा, शेजारी साध्या तांदळाचा दाणा आणि त्याच्या शेजारी पिशवीचा कातरलेला तुकडा. तिघांवर एकेक थेंब. दोन्ही दाणे बघता बघता निळे-काळे होतात, पिशवीचा तुकडा होता तसा तपकिरी ओला राहतो. पिठूळ पदार्थ आयोडीनने निळा होतो, प्लास्टिक होत नाही. त्यावर एका आजीने विचारलं होतं, ‘मंग आमी कोंबड्यायले टाकलं ते?’ मी म्हटलं, कोंबड्या धष्टपुष्ट झाल्या असतील.

हे दाणे तांदळाचेच असतात. मिलमध्ये तुटलेली कणी दळून पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची पूड कालवतात, पाणी आणि वाफ देऊन मळतात, शेवयांच्या सोऱ्यातून पीठ दाबावं तसं यंत्रातून दाबून काढतात आणि तांदळाच्या लांबीचे तुकडे कापून वाळवतात. आम्ही ते तयार पोत्यांतून घेतो. मिसळण्याची जागा मात्र नेमकी सांभाळावी लागते. भरडाई, पॉलिश, प्रतवारी आणि शेवटी सॉर्टेक्स, म्हणजे कॅमेऱ्याने रंग बघून काळे-पिवळे दाणे हवेच्या फुंकरीने उडवणारं यंत्र, एवढं सगळं झाल्यावरच हे दाणे सोडायचे. सॉर्टेक्सच्या आधी सोडले तर यंत्र त्यांना खराब दाणे समजून बाहेर फेकतं. तपासणीत शंभर ग्रॅमचा नमुना पसरून हे दाणे चिमट्याने वेचतात. साधारण पन्नासेक दाणे, एक ग्रॅम वजन भरलं की प्रमाण जमलं.

यादीत नसलेलं नाव

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. तिच्या पेटीत झिंकच्या गोळ्यांची पाकिटं असतात. लहान मुलाला हगवण लागली की ओआरएससोबत झिंक द्यायचं, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये सांगितलं आणि आपल्याकडे ते गावपातळीवर पोचलं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. दोन-तीन दिवसांत जुलाब थांबतात आणि घरचे गोळ्या फळीवर ठेवून देतात. उरलेल्या गोळ्या घ्यायच्या असतात त्या आतड्याचं अस्तर नीट भरून यावं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा तीच पाळी येऊ नये म्हणून. हे समजावत ती घरोघर फिरते. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, ‘तुमच्या त्या दान्यात झिंक रायते का जी?’

नसतं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ हे तीन घटक हवेतच. झिंक, जीवनसत्त्व अ आणि काही ब-जीवनसत्त्वं घातली तरी चालतात, म्हणजे ऐच्छिक. सरकारी योजनेने त्या तिघांवरच थांबायचं ठरवलं. शेजारच्या गडचिरोलीत कुरखेडा आणि भामरागड तालुक्यांत या तांदळाचा आधी प्रयोग झाला. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी सगळ्या योजनांमध्ये असाच तांदूळ देण्याची घोषणा केली, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या तांदळाच्या खर्चाला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ दिली. एवढा मोठा गाडा उभा राहिला, पण झिंक यादीबाहेरच राहिलं.

लोहाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण रक्त कमी असल्याचं बोट टोचून लगेच कळतं. झिंकची कमतरता अशी बोलत नाही. पोर वयाच्या मानाने ठेंगणं राहतं, भूक लागत नाही, चव कळत नाही, जखम लवकर भरत नाही, सर्दी-हगवण पाठ सोडत नाही. या प्रत्येकाला दुसरंही कारण असू शकतं, म्हणून झिंकवर संशय येत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून दोन-तीन ग्रॅम झिंक असतं, पण तीनशेहून जास्त एन्झाइमांचं काम त्याच्यावर अडतं. आणि लोह जसं यकृतात साठून राहतं तसा झिंकचा साठा अंगात नसतो. रोजचं रोज ताटातून यावं लागतं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने युनिसेफसोबत २०१६ ते २०१८ या काळात मुलांचं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केलं. त्यात रक्त तपासून झिंकही मोजलं गेलं. १ ते ४ वर्षांच्या १९ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १७ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या ३२ टक्के मुलामुलींत ते कमी निघालं. किशोरवयात दर तिघांतलं एक जण, असा त्याचा अर्थ.

शिराझचा मुलगा, नागपूरचे रुग्ण

माणसाला झिंक कमी पडू शकतं, हे जगाला दाखवलं ते एका बिहारी डॉक्टरने. बक्सरचे आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणमधल्या शिराझला काम करत होते. त्यांच्यापुढे एक २१ वर्षांचा रुग्ण आला, दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा. दाढी-मिशी नाही, रक्त अगदी कमी, खाणं जवळपास फक्त रोटी, आणि त्यावर माती खाण्याची सवय. रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होता हे कळत होतं, पण वाढ खुंटण्याचं कोडं लोहाने सुटत नव्हतं. प्रसादांनी झिंकवर बोट ठेवलं, पुढे इजिप्तमध्ये तशाच मुलांचा अभ्यास केला आणि झिंक दिल्यावर ती मुलं वाढताना दाखवली. तोपर्यंत डॉक्टरांच्या पुस्तकात हा विचारच नव्हता. अमेरिकेने झिंकचं रोजचं प्रमाण ठरवलं ते १९७४ मध्ये.

याच प्रसादांनी पुढे सिकलसेलच्या रुग्णांत झिंक कमी असतं हेही दाखवलं. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात आणि लघवीवाटे झिंक जास्त जातं. विदर्भात सिकलसेल घरोघरचं दुखणं आहे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत तर फारच. नागपूरच्या व्ही. एल. गुप्ता आणि बी. एस. चौबे या डॉक्टरांनी १९९५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. काही रुग्णांना दीड वर्ष झिंक सल्फेट दिलं, काहींना तसंच दिसणारं नुसतं कॅप्सूल. झिंक मिळालेल्यांना अंग ठणकून दवाखाना गाठायला लावणारे झटके कमी आले. त्यांचा डोस औषधाचा होता, तांदळातून तेवढं देता येत नाही आणि देऊही नये. पण लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी सावधगिरीची सूचना छापावी, असं २०१८ च्या नियमावलीत होतं. झिंकचं तसं नाही. आमच्या भागाच्या ताटात ज्या खनिजाला अशी आडकाठी नाही, तेच बाहेर राहिलं आहे.

कोणतं झिंक?

अन्नात घालायचं झिंक म्हणजे धातूचा चुरा नव्हे. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, पितळेत तांब्यासोबत जस्त असतं, म्हणून ‘पितळी गुंडात ठेवलेलं पाणी प्यायलं तर मिळत नाही का?’ असंही लोक विचारतात. त्यातून किती जस्त उतरेल याचा भरवसा नाही, उलट आंबट पदार्थात तांबं उतरून विष होतं. कल्हई त्यासाठीच करतात.

अन्नासाठी झिंकचे क्षार वापरतात. झिंक ऑक्साइड पांढरं, बेचव, स्वस्त, वजनाच्या ८० टक्के झिंकच. पण पाण्यात विरघळत नाही, पोटातल्या आम्लात विरघळतं. झिंक सल्फेट पाण्यात सहज विरघळतं, स्वस्तही आहे, पण तोंडात तुरट, पैसा चघळल्यासारखी चव सोडतं. ग्लुकोनेट, सायट्रेट आणि अमिनो आम्लाशी जोडलेलं ग्लायसिनेट हे महाग प्रकार, औषधांच्या दुकानातल्या बाटल्यांत सापडणारे.

यातलं अंगी जास्त काय लागतं? झुरिचच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १५ तरुणांना जेवणाशिवाय झिंकच्या गोळ्या देऊन हे मोजलं. सायट्रेट आणि ग्लुकोनेटमधलं सुमारे ६१ टक्के झिंक शरीरात शोषलं गेलं, ऑक्साइडमधलं सुमारे ५०. तिघांना तर ऑक्साइडचा फायदा जवळपास झालाच नाही. हे वाचून कुणीही म्हणेल, मग ऑक्साइड कशाला? पण पिठात मिसळून केलेल्या चाचण्यांत, इंडोनेशियातल्या मुलांवर झालेल्या चाचणीतसुद्धा, ऑक्साइड आणि सल्फेट जवळपास सारखेच शोषले गेले. अन्नासोबत गेलं की पोटात आम्ल सुटतं, ऑक्साइडला विरघळायला वेळ मिळतो.

तांदळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. झुरिचच्याच गटाने २०१७ मध्ये असे यंत्रातून काढलेले दाणे घेतले, त्यात लोहासोबत झिंक घातलं आणि लोह किती शोषलं जातं ते पाहिलं. सोबत झिंक सल्फेट असताना लोह जास्त शोषलं गेलं, ऑक्साइड असताना कमी. आपल्या नियमावलीत तांदळासाठी नाव आहे ते झिंक ऑक्साइडचं. उद्या सरकारने झिंक घालायचं ठरवलं तर हा प्रश्न आधी विचारावा लागेल. एका खनिजासाठी केलेली काटकसर दुसऱ्या खनिजाच्या मुळावर यायला नको.

ताटातला अडसर

खरी मेख क्षारात नाही, ताटात आहे. धान्याच्या, डाळीच्या आणि तेलबियांच्या दाण्यात फायटिक आम्ल असतं. बियाण्याने पुढच्या रोपासाठी साठवलेला हा फॉस्फरस. तो आतड्यात झिंकला असा पकडून ठेवतो की ते न शोषता बाहेर पडतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज १७ आणि स्त्रीसाठी १३.२ मिलिग्रॅम झिंक सांगितलं. हा आकडा मोठा आहे तो आपण मुख्यत्वे धान्य खातो आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं म्हणून.

आता हिशेब. पॉलिश केलेल्या शंभर ग्रॅम तांदळात सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास झिंक असतं. पॉलिश करताना लोह कोंड्यात खूप जातं, झिंक तेवढं जात नाही, कारण ते दाण्याच्या आतही पसरलेलं असतं. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, ते सगळं तांदूळच धरलं तर दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून दोन मिलिग्रॅम मिळतं. नियमावलीच्या मापाने किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम झिंक घातलं तर आणखी दीड ते अडीच मिलिग्रॅम येईल, म्हणजे तांदळातून मिळणारं झिंक जवळपास दुप्पट. मोठ्यांची गरज यातून भागत नाही, पण चार-पाच वर्षांच्या पोराला हा मोठा आधार आहे. मोठ्यांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा सांगितली जाते, त्याच्या हे जवळपासही जात नाही. म्हणून भीती तांदळाची बाळगू नका, दुकानातून मनाने घेतलेल्या मोठ्या डोसाच्या गोळ्यांची बाळगा. जास्त झिंक महिनोन्महिने पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

फायटिक आम्लाचा बंदोबस्त आमच्या चुलीपाशी पूर्वीपासून होतो. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की दाण्यातलंच एक एन्झाइम जागं होऊन ते आम्ल तोडतं. अनरशांसाठी तांदूळ तीन दिवस पाणी बदलत भिजवतात. आंबील रात्रभर आंबते. चना, वाल, बरबटी भिजवून मोड आणून करतात. लाखोळीची डाळ तर भिजवून ते पाणी ओतून देऊनच करायची असते, त्याचं कारण वेगळं, पण फायदा इथेही होतो. आणि भाताबरोबर मासे असतील तर सोन्याहून पिवळं. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात बोडीतले छोटे मासे, झिंगे, खेकडे हे गरिबाघरचं खाणं आहे. त्यांच्यात स्वतःचं झिंक असतं, आणि प्राणिज प्रथिनांमुळे भातातलंही जास्त शोषलं जातं. अंडं तेच काम करतं. शाकाहारी घरात तीळ, जवसाची चटणी, शेंगदाणे. भाजून, कुटून, ताटात रोज थोडं.

बांधीतलं झिंक

दुसरा रस्ता शेतातून जातो. धानाच्या बांधीत सतत पाणी साचून राहिलं की जमिनीतलं झिंक मुळांना मिळत नाही. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी डाग दिसतात, वाढ बसते. हा खैरा रोग. त्याचं कारण झिंकची कमतरता आहे हे पंतनगरच्या वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये शोधलं. तेव्हापासून चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट ही शिफारस रूढ झाली. यात उत्पन्न वाढतं, पण दाण्यातलं झिंक फारसं वाढत नाही. दाण्यात भरायचं तर फुलोरा येऊन दाणा दुधात असताना पानांवर फवारावं लागतं. आणि खताच्या पोत्यातलं सल्फेट ते खताचंच, त्याचा घरातल्या पिठाशी संबंध नाही.

तिसरा रस्ता वाणांचा. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने २०१६ मध्ये डीआरआर धान ४५ हा जास्त झिंकचा वाण दिला. पॉलिशनंतरही किलोला २२ मिलिग्रॅमच्या वर झिंक, नेहमीच्या वाणांत असतं १२ ते १६. आमच्या सीमेपलीकडे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘छत्तीसगड झिंक राइस-१’ काढला. ज्वारीत परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ दिली, गव्हात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ आहे, त्यात किलोला ४० मिलिग्रॅम झिंक. यंत्र, पूड, तपासणी काही लागत नाही, बियाणं पेरलं की झालं. पण अडचण मला रोज दिसते. मिलच्या दारात धान उतरतो तेव्हा जाडा की बारीक, ओलावा किती, तूट किती यावर भाव ठरतो. दाण्यातल्या झिंकला कुणी भाव देत नाही. मग शेतकरी तो वाण का लावेल? आधारभूत केंद्रावर अशा धानाला वेगळी पावती मिळाली तरच हे वाण टिकतील.

म्हणून तूर्तास मला मिलचा रस्ता सगळ्यात जवळचा वाटतो. जीवनसत्त्वं उष्णतेने आणि साठवणीने नासतात, गोदामात महिनोन्महिने पडलेल्या पोत्यात त्यांचं काय उरतं हा प्रश्न राहतोच. झिंक खनिज आहे, ते नासत नाही, भात शिजवतानाही उडून जात नाही. यंत्रसामग्री आहे तीच, मिसळण्याचं प्रमाण तेच. दाणे बनवणाऱ्यांच्या मिश्रणात एक घटक वाढवायचा आहे. शंभर किलो तांदळात जास्तीत जास्त दीड ग्रॅम झिंक.

पण वाढवायचा तर आकडा दाखवण्यासाठी नको. आमच्या मिलमध्ये चिमट्याने दाणे मोजून प्रमाण पास होतं, कागद भरतो, गाडी निघते. तो तांदूळ खाणाऱ्या पोराच्या रक्तात काय पोचलं ते त्या कागदावर नसतं. मुलांच्या रक्तातलं झिंक देशभर मोजलं गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. एखाद्या तालुक्यात झिंकसह तांदूळ द्या, सल्फेट आणि ऑक्साइड दोन्ही करून बघा, सोबत अंगणवाडीत भिजवणं-आंबवणं शिकवा, आणि दोन वर्षांनी त्याच मुलांचं रक्त पुन्हा तपासा. धान, मिल, अंगणवाडी आणि सिकलसेल चारही गोष्टी एका ठिकाणी असलेला जिल्हा हवा असेल तर तो शोधायला लांब जायला नको.